शेवटच्या ओळीपर्यंत

"हे कोण?" तवनाप्पांनी स्मरणिकेचं पान माझ्या टेबलावर आपटलं.

मी पान उचलून नाकाजवळ नेलं. "हे आपले दत्तोबा. हायस्कूलचे शिपाई."

"आणि खाली काय लिहिलंय?"

"'संस्थेचे आधारस्तंभ आणि अध्यक्ष श्री. नरसिंगराव देसाई.'"

"आता पान एकतीस काढ."

काढायची गरजच नव्हती. तरी काढलं. तिथं नरसिंगराव देसाई फेटा बांधून ऐटीत बसले होते आणि त्यांच्याखाली छापलं होतं, 'यांनी चाळीस वर्षं न चुकता शाळेची घंटा दिली.'

"प्रूफ थेट देसायांच्या हातात पडलं," तवनाप्पा म्हणाले. "सुवर्णमहोत्सव हाय शाळेचा. मला फोनवर काय काय ऐकून घ्यावं लागलं ते तुला सांगत न्हाई. तू बाईमाणूस हाईस."

"मालक, दोघांनाही फेटा, दोघांनाही मिशी. पडद्यावर फोटो तिकिटाएवढे दिसतात. मला नीट दिसत नाही, हे मी तुम्हाला दोन महिने सांगतेय."

"आणि शहापुरे मला दोन महिने सांगतोय की तुझं डोळं माझ्यापेक्षा चांगलं हाईत!"

इथेच माझं डोकं फिरायचं. डोळे माझे, धुकं माझ्यासमोर, आणि दिसतंय की नाही हे ठरवणार शहापुरे.

हे सगळं नव्याण्णव सालचं. गडहिंग्लजच्या पेठेत तवनाप्पा चौगुल्यांचा छापखाना होता. शिशाचे खिळे जुळवायचे दिवस संपत आले होते आणि तवनाप्पांनी मोठ्या हौसेनं कॉम्प्युटर आणला होता. त्याच्यासाठी काचेची खोली केली. खोलीबाहेर चपला काढायच्या, आत चहा न्यायचा नाही, संध्याकाळी त्याच्यावर शिवून घेतलेलं कापड घालायचं. रोज सकाळी तवनाप्पा त्याला उदबत्ती ओवाळत. त्याच्यापुढे दहा तास बसणाऱ्या बाईच्या खुर्चीचा एक पाय मात्र वर्षभर डुगडुगत होता, तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

ती बाई मी. शिवलीला नांगनुरे. लग्नानंतरचं आडनाव मी तेव्हाही लावत नव्हते. इचलकरंजीला चार वर्षं नांदून माहेरी परत आले होते आणि त्याला आता अडीच वर्षं होत आली होती.

लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, दवाखान्यांचे नि दुकानांचे तक्ते, भजनी मंडळाची आमंत्रणं, जे येईल ते मी टाइप करायची. या कामाचं एक कसब असतं. मजकूर वाचायचा नाही, डोळ्यांतून घेऊन बोटांतून सोडून द्यायचा. अर्थाकडे लक्ष गेलं की वेग गेला. दिवसभर काय टाइप केलंस असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. पण दोन वर्षांपूर्वीचा मजकूर परत समोर आला, की पहिल्या दोन अक्षरांनंतर बोटं आपणहून पळायची.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी डोळे कुरकुरायला लागले. आधी संध्याकाळी जळजळ. मग दुपारपासूनच कपाळ ठणकायचं. मग पडद्यावरच्या ओळी एकमेकींत मिसळायला लागल्या. मी पुढे सरकायची, आणखी पुढे सरकायची, शेवटी नाक काचेला लागायचं. शेजारी ठेवलेला हाताने लिहिलेला कागद मात्र स्पष्ट दिसायचा, त्यामुळे मी कुणाला सांगायला गेले की लगेच परीक्षा. "हे वाच बघू," म्हणून कुणीतरी वर्तमानपत्र पुढे करणार, मी ते घडाघडा वाचणार, आणि मग तो माणूस विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघणार.

उपाय सांगायला गाव पुढे. तळपायाला एरंडेल चोळ. धण्याचं पाणी डोळ्यांत घाल. गुलाबपाणी घाल. सकाळी दवात अनवाणी चाल. गडहिंग्लजच्या पेठेत मला दव आणून कोण देणार होतं? तवनाप्पांनी पडद्यापुढे लावायला एक काळपट जाळी आणली. तिच्यामुळे डोळ्यांवर उजेड येईना हे खरं, पण पडद्यावरचंही काही दिसेना. शेजारच्या मठातल्या आजींनी दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका लागून डोळ्यांना धारा लागल्या, तर म्हणतात, "बघ, विकार भाईर पडाय लागला."

शहापुऱ्यांकडे मी पहिल्यांदा गेले ते जूनमध्ये. शहापुरे डॉक्टर नव्हते, चष्मे विकायचे. पण डोळ्याला काही झालं की गाव आधी त्यांच्याकडेच जायचं. दुकान अरुंद आणि लांबलचक. एका टोकाला खुर्ची, दुसऱ्या टोकाच्या भिंतीवर ट्यूबलाइटखाली अक्षरांची पाटी.

"उजवा डोळा झाका. वरनं वाचत या."

"ग," मी म्हणाले. "ट, न. प, र, ल." आणि तशीच खाली गेले ती शेवटच्या ओळीपर्यंत.

"आता डावा झाका."

परत तेच. कुठे अडखळले नाही.

"बाई, शेवटची ओळ या गावात चार माणसं वाचत न्हाईत," शहापुरे म्हणाले.

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. परीक्षा म्हटली की माझ्या अंगात काहीतरी शिरतं. शाळेत पहिला नंबर मी कधी सोडला नाही. मास्तरांनी प्रश्न पुरा करायच्या आत माझा हात वर असायचा. त्या दिवशी दुकानात मी डोळे दाखवायला गेले होते, हेच विसरले. पास होऊन घरी आले.

शहापुऱ्यांनी थेंबांची बाटली दिली आणि दर अर्ध्या तासाने दोन मिनिटं डोळे मिटून बसायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी काचेपलीकडून तवनाप्पा म्हणाले, "झोप झाली का?" तो उपाय तिथेच संपला.

जुलैमध्ये परत गेले. परत शेवटच्या ओळीपर्यंत. या वेळी शहापुऱ्यांनी पेन खिशाला लावलं, खुर्ची जवळ ओढली आणि आवाज उतरवून विचारलं, "घरी काय टेन्शन?"

झालं. संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेला कळलं की नांगनुऱ्यांच्या पोरीच्या डोळ्यांत काही नाही, मनात आहे. नवऱ्याला सोडून आलेली बाई, तिला दिसत नाही म्हणजे दुसरं काय असणार!

तर ते दोन फेटेवाले बदलले तो शुक्रवार होता. तवनाप्पांनी पान परत घेतलं, घडी घातली आणि म्हणाले, "उद्या दुपारी सुट्टी घे. शहापुऱ्याकडनं लिहून आण. डोळ्यात दोष असंल तर चष्मा लाव, मी एक शब्द बोलणार न्हाई. दोष नसंल, तर सोमवारपासनं माझी भाची बसंल या खुर्चीवर. कोल्हापुरात कोर्स करून आलीय पोरगी."

"मालक, अडीच वर्षं मी..."

"म्हणून तर लिहून आण म्हणतोय. न्हाईतर आजच सांगितलं असतं."

नोकरी जाण्याची मला एवढी भीती का, हे तवनाप्पांना माहीत नव्हतं. आमच्या घरात एक करार होता. आईला आम्ही अव्वा म्हणतो. वडील गेल्यापासून अव्वाच्या घरातले निर्णय तिचा भाऊ, माझा सोमलिंग मामा, घ्यायचा. लग्नही त्यानंच जमवलं होतं. मी परत आले तेव्हा त्यानं गावभर बोभाटा नको म्हणून तोडगा काढला होता, की पोरीला नोकरी लागलीय, नोकरी आहे तोवर राहू दे. नोकरी सुटली की मामा स्वतः मला इचलकरंजीला पोचवून येणार. आणि दर दोन-तीन महिन्यांनी रविवारी तो येऊन बघून जायचा, नोकरी सुटली का म्हणून.

त्या रविवारी तो येणार होता.

संध्याकाळी अव्वा परसात भांडी घासत होती. मी सगळं सांगितलं. तिनं राखेचा हात थांबवला नाही.

"म्हणजे गेलीच म्हण की नोकरी."

"अव्वा, मला खरंच दिसत नाही गं."

"शहापुरे म्हणतोय दिसतंय."

"शहापुऱ्याला काय माहीत मला काय दिसतंय!"

"मग तू वाचलीस कशी ती पाटी? दोनदा?" तिनं कढई पालथी घातली. "तुझं असंच असतंय. चार वर्षं इचलकरंजीला येत होतो. दर खेपेला विचारलं, बरं हाय न्हवं? बरं हाय अव्वा. सासू बरी वागती? बरी वागती. जावई? तेबी बरे. आणि एक दिवस पिशवी घेऊन दारात. काय झालं म्हटलं तर तोंडाला कुलूप. कशावर विश्वास ठेवू मी? तू सांगतीस त्यावर, का तू सांगत होतीस त्यावर?"

चडफडत मी आत गेले आणि उगाच जोंधळे निवडत बसले.

"उद्या मी येतो संगट," अव्वा बाहेरून म्हणाली. आमच्याकडे बायकाही 'येतो', 'जातो' म्हणतात. "माझ्या डोळ्यांनी बघतो काय खरं ते. मग सोमूला काय सांगायचं ते ठरवू."

शनिवारी दुपारी दीडच्या सुमारास आम्ही दुकानात पोचलो. खुर्चीवर आधीच एक म्हातारी बसली होती. हिरवं इरकली लुगडं, कपाळावर विभूती, मांडीवर पिशवी. तिचं नाव पारव्वा, हे बसल्या बसल्या तिनंच सांगितलं. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि ती नंबर काढायला आली होती. आम्ही तिच्या शेजारच्या बाकावर टेकलो.

"आजी, वाचता येतं का?" शहापुऱ्यांनी विचारलं.

"शाळंचं तोंड बघितलं न्हाई बाबा."

"हरकत न्हाई." शहापुरे पलीकडच्या टोकाला गेले आणि त्यांनी पाटी उलटी केली. मागच्या बाजूला अक्षरं नव्हती. एका उभ्या दांडीला तीन आडवे दात, अशी एकच खूण होती. कुठे दात वर, कुठे खाली, कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे. वरची खूण वीतभर, खाली येत येत बारीक.

"दात कुठं हाईत ते हातानं दाखवायचं."

"दाताळं हाय व्हय हे!" पारव्वा खूश झाली. "गवत वढायचं दाताळं. दाव की."

ती हात करायला लागली. वर. उजवीकडे. खाली. मी शेजारी रिकामीच बसले होते, म्हणून मीही मनातल्या मनात तिच्याबरोबर सांगायला लागले. पहिली ओळ सांगितली. दुसरी सांगितली. तिसऱ्या ओळीवर मी थांबले.

तिसऱ्या ओळीत दात नव्हते. शाई ओली असताना बोट फिरवावं तसे चार काळे डाग होते. मी डोळे बारीक केले. पुढे झुकले. डागच.

"खाली," पारव्वा सांगत होती. "डावीकडं. वर. आता हे परत डावीकडं."

"बरोब्बर. पुढची ओळ."

म्हातारी ठोकून देतेय असं मला वाटलं. पण शहापुरे दर वेळी "बरोब्बर" म्हणत होते. पाचव्या ओळीत ती एकदा चुकली आणि स्वतःच म्हणाली, "न्हाई न्हाई, उजवीकडं." तेही बरोबर निघालं. सत्तर वर्षांच्या, एका डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेल्या बाईला पाचवी ओळ दिसत होती आणि मला तिसरी दिसत नव्हती. मला राग आला. एवढं स्पष्ट दिसत नसताना दोन महिने मला कुणी खरं का मानलं नव्हतं?

पारव्वाचा नंबर लिहून झाला. ती उठून बाकावर आली. मी खुर्चीवर बसले. शहापुऱ्यांनी मला बघून एक निःश्वास सोडला.

"परत आलात? बसा. अक्षरांची बाजू करतो."

"नको," मी म्हणाले. "उलटू नका. मला हीच दाखवा."

अव्वा ताडकन उभी राहिली. "येडी का काय तू? ती अडाण्यांची पाटी हाय. शहापुरे, पोरगी बी.ए. झालीय माझी. अक्षरं दावा तिला."

"अडाण्यांचीच हाय," पारव्वा बाकावरून म्हणाली, "पर मला दिसती की."

"तसं न्हाई हो मावशी..." अव्वा वरमली, पण बसली नाही.

"राहू दे, हीच दाखवतो," शहापुरे म्हणाले. त्यांना आम्हाला लवकर वाटेला लावायचं होतं. "हात करा."

पहिली ओळ जमली. दुसरी जमली. तिसरीवर मी हात वर केला आणि हवेतच ठेवला.

"कुठं?"

"दिसत नाही."

"अंदाजानं सांगा."

"डावीकडे?"

"खाली हाय. पुढचं?"

"दिसत नाही."

शहापुऱ्यांनी हातातली पट्टी टेबलावर टाकली. "शिवलीलाबाई, मी तुमच्यापेक्षा वयानं मोठा हाय, म्हणून बोलतो. जूनमध्ये शेवटची ओळ वाचली. जुलैमध्ये वाचली. तवनाप्पांचा सकाळी फोन आला, लिहून दिलं तरच नोकरी राहील म्हणून. आणि आज तिसरी ओळ दिसेना झाली? मला काय सही करायला लावताय?"

"म्हणजे मी नाटक करतेय?"

"मी तसं म्हटलं न्हाई."

"मग काय म्हटलं?" माझा आवाज चढला. "दिसतं म्हटलं तर म्हणता मनाचं हाय, दिसत नाही म्हटलं तर म्हणता नाटक हाय. मी सांगू तरी काय?"

मी अव्वाकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती.

"बरं," शहापुरे दमल्यासारखे म्हणाले. "शेवटचं. अक्षरं वाचा परत, वरपासनं." ते पाटीकडे निघाले, तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला आणि ते तिकडे वळले.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. अक्षरं पाहिजेत ना, घ्या. मी मान ताठ केली आणि सुरू केलं.

"ग. ट, न. प, र, ल. म, व, द, स. च, ह, भ, ज, त..."

एकही अक्षर न गाळता, श्वास न घेता मी शेवटच्या ओळीपर्यंत गेले आणि थांबले. कुठल्याही परीक्षेत द्यावं तसं उत्तर दिलं होतं. शहापुरे फोन कानाला लावून तसेच उभे होते, पलीकडून कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं.

"बया!" पारव्वा म्हणाली. "पाटी तर अजून दाताळ्याचीच हाय की."

मी समोर बघितलं. ट्यूबलाइटखाली, वर एक मोठं दाताळं, त्याच्या खाली दोन, आणि त्याखाली डाग. अक्षरांची बाजू भिंतीकडे होती.

"आणि तिची बोटं बघा," पारव्वा म्हणाली. "कसलं नाचवाय लागली हुती मघापासनं."

मी खाली बघितलं. माझे दोन्ही हात मांडीवर होते, मनगटं उचललेली, बोटं वाकलेली. की-बोर्डवर असतात तशी.

"ही पाटी मी केलीय," मी म्हणाले. बोलता बोलताच मला ते आठवत होतं. "छापखान्यात आले त्या पहिल्याच वर्षी. तुम्ही आठ वेळा प्रूफ परत पाठवलं होतं. कधी अक्षर मोठं करा, कधी ओळीतलं अंतर वाढवा. आठही वेळा मी सगळी परत टाइप केली."

शहापुऱ्यांनी फोन ठेवला. पाटी उलटी केली, खाली वाकून कोपऱ्यातलं छापखान्याचं बारीक नाव वाचलं आणि तसेच वाकून राहिले. "मी समजत होतो तेव्हा तवनाप्पाच बसायचे कॉम्प्युटरवर," ते म्हणाले.

मला माहीत होतं का? हा प्रश्न मी स्वतःला पंचवीस वर्षांत पुष्कळदा विचारलाय. पाटी आपल्या हातची आहे, हे खरंच डोक्यात नव्हतं. असल्या शेकडो गोष्टी हातातून गेल्या होत्या. पण वाचताना अक्षर दिसत नाहीये, नुसतं येतंय, हे कुठेतरी कळत असणारच. डोळ्यांपुढे डाग होता आणि तोंडात 'भ' होता. तरीही मी 'भ' म्हणाले, कारण समोरचा माणूस विचारत होता आणि बरोबर उत्तर मला येत होतं. 'दिसत नाही' हेही एक उत्तर असतं, हे मला कधी सुचलंच नाही.

मग शहापुऱ्यांनी जड लोखंडी चौकट माझ्या नाकावर बसवली आणि एकेक काच घालायला सुरुवात केली. एक, दीड, दोन. दर काचेला दाताळ्यांची आणखी एक ओळ डागातून वर यायची.

"अडीच," ते शेवटी म्हणाले. "दोन्ही डोळ्यांना अडीच. लांबचा नंबर. बाई, रस्ता कसा ओलांडत होता तुम्ही?"

"आणि कागद कसा दिसत होता तिला?" अव्वानं विचारलं.

"जवळचं दिसतंच या नंबरात. तिच्या पडद्याइतक्या अंतरापासनं पुढं धूसर. रोज दहा तास ताणून बघायचं म्हटल्यावर डोळं जळणार, डोकं दुखणार, सगळंच होणार. मी..." त्यांनी पावतीपुस्तक ओढलं आणि तवनाप्पांना चिठ्ठी लिहायला लागले. भरपूर वेळ लिहीत होते.

मी चौकट नाकावर ठेवूनच वळले. अव्वा बाकाशी उभी होती, माझ्यापासून आठ-दहा हातांवर. कित्येक महिन्यांत इतक्या लांबून मी तिचा चेहरा स्पष्ट बघितला नव्हता. मी समजत होते, ती माझ्यावर रागावलीय. राग नव्हता तो. ती घाबरली होती. ओठ घट्ट मिटलेले, हनुवटी थरथरणारी.

"लीला," ती म्हणाली. लहानपणीच ती मला लीला म्हणायची. "तिकडचंबी असंच सांगत होतीस काय गं? दिसत एक होतं आणि सांगत एक होतीस?"

शहापुऱ्यांचं पेन थांबलं. पारव्वानं पदर ओढून घेतला आणि दाराबाहेर बघायला लागली. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

"होय," मी म्हणाले.

"काय होतं तिथं?"

माझ्या घशात नेहमीचं उत्तर तयार होतं, दर खेपेला तिला दिलेलं. ते गिळायला वेळ लागला.

"तुझे जावई सकाळी नऊला बाहेरून कुलूप लावून जायचे," मी म्हणाले. "संध्याकाळी सहाला येऊन उघडायचे. सासूकडेपण किल्ली नसायची, ती शेजारी जाऊन बसायची. मी एकटी आत. तू यायचीस त्या दिवशी कुलूप नसायचं."

"चार वर्षं?"

"पहिले दोन महिने सोडून."

"आणि मी विचारलं की बरं हाय."

"तू विचारायचीस आणि मला उत्तर यायचं, अव्वा."

ती पुढे आली. मला वाटलं, जवळ घेईल. तिनं माझ्या नाकावरची ती वाकडी झालेली चौकट दोन्ही हातांनी सरळ केली, काचांवर बोट लागू न देता. मग शहापुऱ्यांकडे वळली. चिठ्ठी तिनं वाचलीही नाही, घडी घालून कनवटीला लावली.

"चष्मा कधी मिळंल?"

"काचा हाईत दुकानात. फ्रेम पसंत करा, बसवून मंगळवारी..."

"उद्या सकाळी पाहिजे. दहाच्या आत. दहाच्या गाडीनं माझा भाऊ येणार हाय. त्याला मी उंबऱ्यावरनंच परत लावून देणार हाय, आणि त्या वेळी त्याचं तोंड कसं होतंय ते माझ्या पोरीला स्वच्छ दिसलं पाहिजे."

"मावशी, उद्या रविवार. रविवारी दुकान बंद असतंय."

"मग उघडा," अव्वा म्हणाली.